चुना

पहिल्यांदा दिसलं तेव्हा आम्ही त्याला फूल म्हणालो.
खडकाच्या चिरेतून वर आलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
काचेच्या दोऱ्यांचा झुबका,
मधे बारीक तोंड.
आणलं नव्हतं कुणी. आपोआप आलं.
नान्नांनी चष्मा पुसला,
अंगठीतलं पोवळं टाकीला टेकवून
त्या दगडालाच म्हणाले,
तुझ्याकडचं कुणी आलंय बघ.

मागे आठ लूम, पुढच्या खोलीत
हा चार फूट लांब समुद्र.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही पहाटे तीनला,
ते गाळून मी त्यात मोजून मीठ घालतो,
म्हणून समोरच्या यल्लूबाई गुर्रम
अख्ख्या बोळाला ऐकवतात:
प्यायला घागर भरंना,
अन् ह्याला घरात दर्या पाहिजे!

महिन्यात सात झाली. मग मोजायचं सोडलं.
त्यांच्या बाजूची झोआ मिटून राहिली,
बंदच्या दिवशी शटर ओढावं तशी,
आणि उघडेचना.

ओळखायचं असं:
बोट जवळ न्यावं.
पोवळं जरा विचार करतं, मग आवरतं.
हे विचार करत नाही.
बोट पोचायच्या आत दगडात, देठासकट,
उधारीवाला दिसल्यावर मागच्या दारानं जावं तसं.
तुम्ही चहाला गेलात की पुन्हा बाहेर,
झुबका पसरून.

मी ब्लेडनं खरवडलं.
इथं चुकलो.
आमच्या धंद्यात तुटलं म्हणजे तुटलं,
ताणा तुटला की लूम थांबतो,
गाठ मारली की चालतो.
याचं उलटं. जेवढे तुकडे तेवढी पोरं.
खडकाला राहिलेल्या नखाएवढ्या कातडीला
पंधरा दिवसांत हात फुटले.

कोळंब्या आणल्या तीन, लाल पट्ट्यांच्या,
रातच्या बसनं, थर्माकोलच्या पेटीतून.
त्या हे खातात म्हणे.
दोन एप्रिलच्या उन्हानं गेल्या.
तिसरी माशांच्या दाण्यावर लठ्ठ झाली.

शेवटी नान्नांनी तंबाखूची डबी पुढं केली.
ह्याला चुना लाव.
मी हसलो.
ते हसले नव्हते.

चुना पातळ केला, मलमलीतून गाळला,
सिरिंज त्यांच्याच इन्सुलिनची, वापरून झालेली.
पण वाहत्या पाण्यात चुना टिकत नाही,
पोवळ्यावर जाऊन बसतो.
म्हणून लाइट जायची वाट बघितली.

बाराला गेली.
बोळातले सगळे लूम एकदम गप्प,
माझा पंपही.
समुद्र उभा राहिला.
इतकी शांतता की यल्लूबाईंची फोडणी ऐकू आली.

आगु, म्हणाले नान्ना. थांब.
तोंड उघडू दे.
फणीच्या दातांतून चाळीस वर्षं दोरा ओवलेला हात,
कोपरापर्यंत पाण्यात, हलत नव्हता.
सुई जवळ, पण टेकवायची नाही.
एक पांढरा थेंब.

त्याला वाटलं जेवण.
सगळ्या हातांनी घेतलं त्यानं, गडबडीनं,
आणि मिटलं.
या वेळी पळालं नाही.

दिवसाला तीनच. जास्त चुना पाण्याला सोसत नाही.
मी वहीत आकडा लिहायचो.
नान्ना सिरिंज धुवायचे, नको तितका वेळ.
एकदा म्हणाले,
उपाशी असणार रे.
काय म्हणून दिलं, काय म्हणून खाल्लं.

झोआ उघडली एका मंगळवारी.
हिरवी, मधे केशरी टिकली.
यल्लूबाई बघायला आल्या, चप्पल न काढता,
आणि म्हणाल्या, ह्याला वास कसा नाही?

पंपाच्या मागे एक उरलंय.
मला माहीत आहे. नान्नांनाही.
लाइट गेली की मी डबी काढून ठेवतो.
ते स्वतःची सुई आधी टोचून घेतात,
मग टाकीसमोर खुर्ची ओढतात,
आणि बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत म्हणतात,
आज काही नीट दिसत नाही बघ.